साठीनंतर तोल का जातो, आणि घरच्या घरी तो परत कसा कमवायचा

‘आई, तुम्ही बसा, मी आणते.’ पाण्याचा तांब्या, पेपर, चष्मा, गोळ्यांची डबी, सगळं बसल्या जागी हातात. आपल्याकडे घरोघरी हे चालतं आणि त्यात खरी माया असते. पण अशाने माणसाचं दिवसभरातलं उठणं-बसणं कमी होतं. उठणं-बसणं कमी झालं की मांड्यांतली ताकद उतरते, ताकद उतरली की तोल जायला लागतो, एकदा तोल गेला की भीती बसते आणि भीतीपोटी माणूस आणखीच एका जागी बसून राहतो.

मला या लेखात एक गोष्ट पटवून द्यायची आहे. ‘आता वय झालं’ असं आपण ज्याला म्हणतो, त्यातला बराचसा भाग न वापरल्यामुळे गेलेला असतो. आणि न वापरल्यामुळे गेलेलं सत्तरीत, ऐंशीतही बऱ्यापैकी परत मिळवता येतं. फक्त त्यासाठी संध्याकाळची फेरी पुरत नाही. चालणं चांगलंच, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर रमतगमत चालल्याने मांडीची ताकद फारशी वाढत नाही आणि तोलही सुधारत नाही. त्यासाठी वेगळे व्यायाम लागतात. ते कोणते, किती, कसे करायचे आणि त्याआधी स्वतःला कसं जोखायचं, ते पायरीपायरीने सांगते.

आत काय बदलत असतं

तिशी ओलांडली की दर दहा वर्षांनी स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ साली अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं. स्नायू जितके बारीक होतात त्यापेक्षा ताकद जास्त झपाट्याने उतरते. आणि ताकदीच्याही आधी जाते ती झटकन जोर लावण्याची क्षमता. स्नायूंमध्ये सावकाश, चिवटपणे काम करणारे तंतू असतात आणि एका झटक्यात काम करणारेही असतात. वयामुळे जास्त बारीक होतात ते झटक्याचे. ठेच लागल्यावर दुसरं पाऊल पटकन पुढे पडलं तर माणूस सावरतो, क्षणभर उशीर झाला तर आपटतो. ‘मी रोज दोन किलोमीटर चालतो, मग पडलो कसा?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

आणखी एक स्नायू फार दुर्लक्षित आहे, नडगीच्या पुढच्या बाजूचा. चालताना चवडा वर उचलून धरायचं काम त्याचं. तो थकला की पाऊल जमिनीलगत सरकतं आणि अंगठा अडकतो, कधी उंबरठ्याला, कधी सतरंजीच्या कडेला, कधी वर आलेल्या फरशीला. घरात कुणाचा पाय घासत चालल्याचा आवाज येऊ लागला तर तो स्लिपरचा दोष समजू नका.

आता तोल. मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून मिळते. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय-घोटे-गुडघ्यांमधली जाणीव. वाढत्या वयात तिन्ही थोडी थोडी मंदावतात. मोतीबिंदूमुळे पायरीची कड नीट दिसत नाही, उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला वेळ लागतो, कानाच्या आतल्या संवेदनशील पेशी कमी होतात, तळपायाला कंप आणि दाब कमी कळतो. मधुमेह जुना असेल तर तळपायांची जाणीव फारच कमी झालेली असू शकते. यातलं एक कमी पडलं तर बाकीची दोन सांभाळून घेतात, म्हणून वर्षानुवर्षं काही लक्षात येत नाही. मग एखाद्या रात्री दिवे जातात आणि माणूस स्वतःच्याच घरात भेलकांडतो. डोळ्यांचा आधार तेवढा काढून घेतला गेलेला असतो, एवढंच.

याची एक खूण घरात बघता येते. तोंडाला साबण लावून डोळे मिटल्याबरोबर ज्यांचा हात आपोआप बेसिनच्या कडेकडे जातो, किंवा शरीर पुढे-मागे झुलतं, त्यांची भिस्त डोळ्यांवर जास्त आहे आणि पायांकडून खबर कमी येते आहे. हे दिसलं तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तळपायांची जाणीव तपासायला सांगा. त्यासाठी साधा नायलॉनचा दोरा आणि कंपन करणारा चिमटा पुरतो, महागड्या चाचण्या लागत नाहीत.

मेंदूचाही यात मोठा वाटा आहे. तरुणपणी चालणं आपोआप होतं. पुढे त्याला लक्ष द्यावं लागतं आणि लक्ष दोन ठिकाणी वाटलं की चालणं बिघडतं. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांसोबत चालताना त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या आणि कोण बोलण्यासाठी थांबतं ते पाहिलं. जे थांबले, त्यांच्यातले पुढच्या सहा महिन्यांत पडणारे कितीतरी जास्त निघाले. त्यामुळे बाबा जिना उतरत असताना खालून ‘किराणा किती झाला?’ असं विचारू नका. आधी उतरू द्या.

आणि अंथरुण. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. हे आजारी नव्हते. म्हणून तापानंतर किंवा ऑपरेशननंतर ‘महिनाभर सक्त आराम’ असं घरच्यांनी आपल्या मनाने ठरवू नये. डॉक्टरांनी खरंच मनाई केली आहे का ते विचारावं, आणि केली नसेल तर दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसणं आणि खोलीत चालणं सुरू करावं.

पहिली पायरी : आज कुठे आहात ते मोजा

एक जड, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बसायची उंची साधारण १७ इंच हवी, सोफा चालणार नाही. पायात घट्ट बसणारी चप्पल-बूट किंवा अनवाणी. मोबाइलचं घड्याळ. शेजारी एक माणूस हवाच, हात धरायला नाही, पण हाताच्या अंतरावर उभा. नुकतं ऑपरेशन झालं असेल, छातीत दुखत असेल किंवा आजच चक्कर येत असेल तर हे करू नका.

खुर्चीवर बसून दोन्ही हात छातीवर फुली करून ठेवा. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा जमतं ते मोजा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार साठ ते चौसष्ट वयात पुरुषांचे १४ आणि स्त्रियांचे १२ यांपेक्षा कमी झाले तर ताकद कमी पडते आहे. सत्तर ते चौऱ्याहत्तरला हे आकडे १२ आणि १०, ऐंशी ते चौऱ्याऐंशीला १० आणि ९. हाताचा टेकू घ्यावा लागला तर गुण शून्य.

मोजणाऱ्याने आकड्याबरोबर उठण्याची तऱ्हाही बघावी, त्यातून फार कळतं. ज्यांच्या मांड्या थकलेल्या असतात ते आधी दोन-तीनदा पुढे-मागे झोका घेतात, तळहात गुडघ्यांवर रोवतात, गुडघे एकमेकांकडे आत वळतात, आणि उभं राहिल्यावर क्षणभर काहीतरी धरायला हात शोधतो. बसताना तर शेवटच्या वीतभर अंतरात शरीर सोडून दिल्यासारखं धप्पकन खाली येतं. हे धप्पकन येणं मी उठण्याइतकंच महत्त्वाचं मानते. ज्याला सावकाश बसता येत नाही, त्याला जिना उतरताना शरीराचं वजन धरून ठेवता येत नाही.

दुसरी चाचणी उभं राहण्याची. ओट्याजवळ उभे राहा म्हणजे लागला तर आधार आहे. पावलं एकमेकांना चिकटवून १० सेकंद. मग एका पावलाचा अंगठा दुसऱ्या पावलाच्या मधल्या भागाशी आणून १० सेकंद. मग एकाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून, दोरीवर उभं राहावं तसं, १० सेकंद. शेवटी एका पायावर १० सेकंद. तिसरी स्थिती १० सेकंद टिकली नाही तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. एका पायावर उभं राहणं ऐंशीच्या घरातल्या अनेकांना जमत नाही, त्याने लगेच घाबरू नका. पण पन्नाशी-साठीतल्या मुलांनी आणि सुनांनी ही चाचणी स्वतःवरही करून बघावी.

तिसरी : हाताच्या खुर्चीवरून उठायचं, जमिनीवर ३ मीटरवर केलेल्या खुणेपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. वळताना बघा. चार-पाच छोट्या पावलांत, अंग ताठ ठेवून वळणं होत असेल तर ते लिहून ठेवा.

चालण्याचा वेगही मोजता येतो. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरवलेल्या निकषांत ६ मीटर चालायला ६ सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली गेला, तर कार्यक्षमता घटली असं मानतात. झेब्रा क्रॉसिंगवर सिग्नल संपायच्या आत पलीकडे पोहोचता येत नसेल, तर हे न मोजताही कळलेलं असतं.

सगळे आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये त्या तारखेच्या चौकोनात लिहा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचे आहेत.

आधी डॉक्टर, मग व्यायाम : कुणासाठी

वर्षभरात दोनदा किंवा अधिक वेळा पडलेले, पडताना शुद्ध हरपलेले, एका बाजूचा हात-पाय कमजोर वाटणारे, चाल अचानक बदललेले, हाताला थरथर आणि पावलं आखूड झालेले, अशांनी आधी तपासून घ्यावं.

कूस बदलली किंवा वर बघितलं की काही सेकंद सगळं गरगर फिरत असेल, तर बहुतेकदा कानाच्या आतले चुनखडीचे सूक्ष्म कण जागचे हललेले असतात. याच्यावर महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या घेत राहणारी माणसं मला नेहमी भेटतात आणि वाईट वाटतं, कारण डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणण्याची एक पद्धत आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा त्यातले जाणकार फिजिओथेरपिस्ट ती काही मिनिटांत करतात आणि अनेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्यांनी रक्तदाब दोनदा मोजून घ्यावा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर औषधांचा फेरविचार लागतो. दवाखान्यात बहुतेकदा फक्त बसवून मोजतात, त्यामुळे हे आपणहून मागावं लागतं.

दुसरी पायरी : ताकद

१९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजन लावून पायांचा कसदार व्यायाम करून घेतला होता. पूर्ण करणाऱ्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने पुढे घरी करायच्या व्यायामांचा एक कार्यक्रम तयार केला. त्याच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट तो वापरतात आणि खालचे व्यायाम त्याच जातीचे आहेत.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. रोज करायची गरज नाही, स्नायूंना भरून यायला मध्ये दिवस लागतो.

*खुर्चीतून उठणं-बसणं.* खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरका. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. बहुतेकांची चूक इथेच असते, पावलं पुढे ठेवून उठायला बघतात. आता नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाका, आणि टाचा दाबत उभे राहा. बसताना मनात एक ते चार मोजत सावकाश खाली या. दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा दहा वेळा. हात टेकल्याशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट घडी केलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा. ज्यांना सहज जमतं त्यांनी छातीशी एक-दोन किलोंची पिशवी धरावी.

*टाचा उचलणं.* ओट्याला हात लावून दोन्ही टाचा उचला, चवड्यांवर वर या, सावकाश खाली. दहा-दहाच्या दोन फेऱ्या. त्यानंतर उलट, टाचांवर उभं राहून चवडे वर. नडगीचा तो दुर्लक्षित स्नायू यानेच कामाला लागतो. चहाला उकळी येईपर्यंत एवढं होऊन जातं.

*पाय बाजूला.* ओटा धरून एक पाय गुडघ्यात न वाकवता बाजूला उचला. कंबर कलू देऊ नका. हा खुब्याच्या बाजूचा स्नायू एका पायावरचा तोल धरतो, आणि चालताना निम्म्याहून जास्त वेळ आपण एका पायावरच असतो.

*बसून पाय सरळ करणं.* खुर्चीत बसून गुडघा पूर्ण ताणायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा. गुडघेदुखी असलेल्यांनी इथून सुरुवात करावी. सोपं वाटू लागलं की सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळणारा अर्ध्या किलोचा वजनपट्टा घोट्याला बांधावा.

किती जड करायचं याची कसोटी सोपी आहे. दहा वेळा करून झाल्यावर आणखी पाच-सहा आरामात जमले असते असं वाटलं, तर तो व्यायाम तुमच्यासाठी हलका झाला. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्यासारख्या दुखल्या तर ठीक. सांधा सुजला किंवा टोचल्यासारखा दुखला तर तो प्रकार थांबवा, सगळा व्यायाम थांबवू नका. छातीत दडपण आलं किंवा दम खाली बसेना तर मात्र लगेच थांबायचं.

तिसरी पायरी : तोल

तोलाचा व्यायाम थोडा डळमळीत असलाच पाहिजे. अजिबात डोलत नसाल तर शरीर काही शिकत नाही. म्हणून आधार नेहमी हाताशी, पण हातात नाही. सुरुवातीला दोन तळहात ओट्यावर, मग एक, मग दोन बोटं, मग ओट्याच्या वर अधांतरी.

चाचणीत ज्या स्थितीत डगमगलात तिथूनच सुरुवात करा. ती ३० सेकंद टिकली की पुढची घ्या. मग घरातल्या बोळात भिंतीलगत टाचेला बोटं लावत दहा पावलं पुढे, परत येताना बाजूने खेकड्यासारखं, नंतर मागे-मागे. मागे चालताना भिंतीवर हात आणि सोबत माणूस पाहिजेच. जमिनीवर चार-पाच वह्या किंवा चपला अंतरा-अंतराने ठेवून त्या ओलांडत चालणं फार उपयोगाचं आहे, कारण त्यात पाऊल उचलणं, अंदाज घेणं आणि एका पायावर थांबणं तिन्ही येतं.

झटक्याचे तंतू जागे करायला ‘घड्याळाची पावलं’ करा. ओट्याला पाठ करून उभे राहा, म्हणजे हात मागे टेकता येतात. समोरच्या माणसाने ‘बारा’, ‘दोन’, ‘दहा’ असं पुकारायचं आणि तुम्ही त्या दिशेला पटकन एक पाऊल टाकून लगेच परत यायचं. नातवंडांना हे काम मनापासून आवडतं. पुढच्या टप्प्यात पावलं टाकताना शंभरातून तीन-तीन वजा करत जा किंवा पाढे उलटे म्हणा, म्हणजे लक्ष वाटलं गेलं तरी पाय चुकत नाहीत.

योगासनं करणाऱ्यांनी ताडासन, वृक्षासन भिंतीजवळ जरूर चालू ठेवावं. पण हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर पुढे खोल वाकायची आसनं, पश्चिमोत्तानासनासारखी, टाळावीत. मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येऊन तो चेपू शकतो.

२०१९ साली शंभराहून अधिक चाचण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. एकट्याने सातत्य राहत नसेल तर तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय काढा. तिथे भजन, व्याख्यान, वाढदिवस होतात. आठवड्यातून तीनदा अर्धा तास खुर्च्या मांडून हा व्यायाम सहज बसतो.

चौथी पायरी : जमिनीवर बसणं सोडू नका

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं पाटावर जेवली, मांडी घालून पूजेला बसली, जमिनीवर बसून भाजी निवडली. प्रत्येक वेळी खाली जाणं आणि वर येणं म्हणजे खुबा, गुडघा, घोटा यांचा पूर्ण व्यायाम होता. डायनिंग टेबल आलं, कमोड आला आणि हे बंद झालं. ज्यांचे गुडघे खरोखर झिजले आहेत त्यांना कमोड लागतो, त्यात वाद नाही. पण ज्यांना अजून खाली बसता येतं, त्यांनी ते केवळ सोयीसाठी सोडू नये असं माझं ठाम मत आहे. एकदा सुटलं की ते परत मिळवणं फार जड जातं. आणि पडल्यावर जमिनीवरून उठायला हीच ताकद लागते.

सराव असा करा. मजबूत खुर्ची समोर, खाली सतरंजी. खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात टेकवा, एक गुडघा खाली, मग दुसरा. हात जमिनीवर आणून चार पायांवर या, मग एका कुशीवर बसा. उठताना कुशीवरून चार पायांवर, खुर्चीपर्यंत रांगत, हात बैठकीवर, आणि बरा पाय पुढे घेऊन त्याचं पाऊल जमिनीवर रोवा. मग हातांनी आणि त्या पायाने दाबत उठा, वळा, बसा. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करा, नंतर घरच्या माणसासमोर. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

पाचवी पायरी : ताट, गोळ्या, चष्मा

व्यायाम केला आणि ताटात फक्त भात-आमटीचं पाणी असेल तर स्नायू कशाने बनणार? ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं असावीत असं या विषयातले बरेच तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, मोठ्या कपभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. घट्ट वरण, उसळ, दही, मासे, अंडी तिन्ही जेवणांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं. आणि उपास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. एकादशी-चतुर्थी धरणाऱ्या आजींनी त्या दिवशी दूध, दही, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा घ्यावाच.

सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि कानाडोळा करून चालू ठेवलेल्या झोपेच्या गोळीसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, प्रोस्टेटची काही औषधं, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, साखर एकदम खाली आणणारी औषधं, या सगळ्यांनी तोल जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्या हळूहळूच उतरवायच्या असतात.

दूर-जवळचा एकत्र चष्मा असेल तर जिना उतरताना पायरी खालच्या, वाचायच्या काचेतून दिसते आणि धूसर होते. बाहेर फिरायला फक्त लांबचा चष्मा वेगळा ठेवा. मोतीबिंदू पिकायची वाट बघण्याची जुनी पद्धत सोडा.

सहावी पायरी : घर आणि काठी

सगळं घर एका दिवसात बदलायला जाऊ नका. पलंगापासून संडासापर्यंतची रात्रीची वाट आधी बघा. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत, लघवीची घाई, चष्मा नाही, दिवा लावला तर घरचे उठतील म्हणून अंधारात. त्या वाटेवर सेन्सरचा छोटा दिवा लावा, पायपुसणं आणि वायर उचला, पलंगाची उंची अशी ठेवा की बसल्यावर पावलं पूर्ण टेकतील. उठल्यावर मिनिटभर कडेला बसून घोटे हलवायचे, मगच उभं राहायचं.

न्हाणीत भिंतीत पक्की बसवलेली पकडदांडी हवी. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन धरत नाही. अंघोळ प्लॅस्टिकच्या हलक्या स्टुलावर नको, रबरी बूच असलेल्या जड स्टुलावर. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. जूनच्या आधी आणि मध्ये एकदा-दोनदा ते खरवडून काढा. झिजलेली हवाई चप्पल फेकून द्या, मागे पट्टा असलेली घ्या. साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर राहू द्या.

काठीची उंची हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण उलटं धरतात. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की बदला. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद आहे. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

पडल्यावर

काखेत हात घालून लगेच उचलू नका. मिनिटभर तसंच पडू द्या, कुठे दुखतं ते विचारा. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, खुब्यात किंवा जांघेत कळ येत असेल तर उभं करू नका, मालीश करू नका, १०८ ला फोन करा. दुखत नसेल तर चौथ्या पायरीत सांगितलं तसं त्यांचं त्यांना उठू द्या, खुर्ची तुम्ही आणून द्या.

खुब्याचं हाड मोडलं तर ‘या वयात ऑपरेशन कशाला, पलंगावर बरं होईल’ असं कुटुंबात हमखास कुणीतरी म्हणतं. पलंगावर महिनोन्‌महिने पडून राहण्यात न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि पायांत रक्ताची गाठ यांचा धोका असतो. तब्येत परवानगी देत असेल तर शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याच दिवसापासून उभं करणं, हीच आजची मान्य पद्धत आहे. उभ्या उंचीवरून साधं पडून हाड मोडलं असेल, तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषध त्याच वेळी सुरू करून घ्या. नुसता खिळा बसवून घरी येऊ नका.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. ज्येष्ठांमध्ये कवटीच्या आत सावकाश रक्त साठून त्याचा त्रास काही आठवड्यांनीही दिसू शकतो. वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ, चालीतला फरक दिसला की महिन्यापूर्वीचं पडणं आठवून डॉक्टरांना सांगा.

किरकोळ पडणंही लपवू नका. मुलं बाहेर जाऊ देणार नाहीत या धाकाने अनेक जण सांगतच नाहीत. मुलांनीही ऐकल्याबरोबर फिरणं बंद करू नये. कुठे पडलात, किती वाजता, काय करत होता, आधी चक्कर आली की नुसता पाय अडकला, त्या दिवशी कोणती नवी गोळी घेतली होती, हे त्याच कालनिर्णयच्या चौकोनात लिहा आणि पुढच्या भेटीला ते पान फाडून सोबत न्या.